मूत्रपिंडाच्या पेशी : संप्रेरकांचे निरोप आणि विषांचा शिरकाव

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मूत्रपिंडाची आकृती शाळेत प्रत्येकाने काढलेली असते. घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे दोन अवयव, त्यांतून निघालेल्या दोन नळ्या, खाली एक पिशवी. नावे बिनचूक दिली की गुण मिळतात. त्या आकृतीबरोबर एक समजही मनात कायमचा रुजतो, तो असा की मूत्रपिंड म्हणजे गाळणी. चहाच्या गाळणीत चोथा अडकावा तशी रक्तातील घाण तेथे अडकते आणि बाहेर टाकली जाते. हा समज अर्धाच खरा आहे आणि आजचा विषय उरलेल्या अर्ध्यात दडलेला आहे.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो आणि त्यातून रक्तातील पाणी, क्षार, साखर, अमिनो आम्ले असे सारे काही सरसकट गळून पुढच्या नलिकेत उतरते. प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाकाठी असा सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. लघवी होते ती मात्र दीड लिटरच्या आसपास. उरलेला सगळा द्रव, त्यातील साखरेचा जवळजवळ प्रत्येक कण आणि मिठाचा फार मोठा भाग नलिकेच्या भिंतीतील पेशींनी एकेक करून परत रक्तात उचलून ठेवलेला असतो. दिवाळीच्या आवराआवरीत कपाटातील केर हुडकत बसण्याऐवजी सगळे कपाटच अंगणात रिकामे करावे आणि हवे तेवढेच आत लावावे, तसा हा प्रकार आहे. वरवर पाहता ही उधळपट्टी वाटते, पण तिच्यात मोठे शहाणपण आहे. जे द्रव्य शरीराने पूर्वी कधी पाहिलेले नाही, त्यासाठी वेगळी व्यवस्था न करताही ते बहुधा अंगणातच पडून राहते आणि बाहेर जाते.

या उचलण्याच्या कामाचा दोन-तृतीयांश भार नलिकेच्या सुरुवातीच्या भागावर, म्हणजे समीपस्थ नलिकेवर असतो. तिच्या पेशींच्या आतल्या बाजूस ब्रशच्या केसांसारखी दाट झालर असते. त्या झालरीवर निरनिराळ्या द्रव्यांना पकडून आत नेणारी वाहक प्रथिने असतात, आणि हे सारे चालवण्यासाठी पेशीत तंतुकणिका खच्चून भरलेल्या असतात. दोन्ही मूत्रपिंडांचे वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. इतके रक्त, इतकी वाहक प्रथिने आणि ऊर्जेची इतकी भूक एका जागी एकत्र आली, की ती जागा जितकी कर्तबगार तितकीच नाजूक होते. विष या पेशींना मारते ते बहुतेक वेळा त्यांच्या कामाच्या वाटेनेच. ही वाट नीट दिसावी म्हणून आधी संप्रेरकांकडे वळले पाहिजे.

किती परत घ्यायचे आणि किती सोडायचे, हे पेशी स्वतःच्या मनाने ठरवत नाही. तिला निरोप येतात. अधिवृक्क ग्रंथीतून निघणारे अल्डोस्टेरॉन सोडियम राखून ठेवायला सांगते. परावटू ग्रंथीचे संप्रेरक कॅल्शियम धरायला आणि फॉस्फेट सोडायला सांगते. या सर्वांत व्हॅसोप्रेसिनची कथा सर्वांत सुंदर आणि सर्वांत चांगली उलगडलेली आहे.

हे संप्रेरक अवघ्या नऊ अमिनो आम्लांचे बनलेले असते. ते मेंदूच्या अधश्चेतक भागात तयार होते आणि पीयूषिका ग्रंथीतून रक्तात सोडले जाते. उन्हाळ्याच्या दुपारी मूल खेळून येते, घामाने रक्त किंचित दाट झालेले असते. ती दाटी मेंदूला जाणवते, तहान लागते आणि त्याच वेळी व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडाकडे धावते. तेथे ते संग्राहक नलिकेच्या पेशीच्या रक्ताकडील बाजूवर असलेल्या ग्राहीला चिकटते. ते आत जात नाही, दारावरची कडी वाजवते इतकेच. ती ऐकून पेशीच्या आत चक्रीय एएमपी नावाचा दुसरा निरोप्या तयार होतो. पेशीत लहान लहान पिशव्यांमध्ये पाण्याच्या वाहिन्या आधीच तयार ठेवलेल्या असतात. या दुसऱ्या निरोप्याच्या हुकमाने त्या पिशव्या पृष्ठभागावर येऊन पटलात मिसळतात आणि पाणी आत येऊ लागते. लघवी थोडी आणि गडद होते. मुलाने पोटभर पाणी प्यायले, की काही वेळात निरोप थांबतो आणि वाहिन्या पुन्हा आत ओढल्या जातात.

या पाण्याच्या वाहिन्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. पाणी पेशीपटलातून आपोआप झिरपते, असे दीर्घकाळ अनेकांना वाटत होते. पीटर ॲग्री आणि त्यांचे सहकारी तांबड्या रक्तपेशींतील निराळ्याच प्रथिनाचा शोध घेत होते, तेव्हा हे अनोळखी प्रथिन त्यांच्या हाती लागले. १९९२ मध्ये त्याचे काम सिद्ध झाले आणि २००३ मध्ये ॲग्री यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शोध कुठे लागेल हे शोधणाऱ्यालाही ठाऊक नसते, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगे उदाहरण आहे. अभ्यासक्रमात त्याला जागा नसली तरी.

दुसऱ्या निरोप्याचीच नक्कल करून एखादे विष पेशीला फसवू शकते. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले की पटकीचे जंतू एक विषद्रव्य सोडतात आणि त्या विषामुळेच आतड्यात पाणी लोटते. पुढे त्याची यंत्रणा उलगडली. हे विष आतड्याच्या पेशीत चक्रीय एएमपीचे उत्पादन चालू करते आणि ते बंद होऊ देत नाही. मूत्रपिंडात जो निरोप पाणी वाचवतो, तोच आतड्यात अनावर झाला की माणसाचे पाणी काही तासांत संपवतो, आणि रक्तदाब कोसळला की शेवटी मूत्रपिंडच उपाशी पडते. डे यांच्या या कामाची त्यांच्या हयातीत देशात फारशी कदर झाली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

विष आणि मूत्रपिंडपेशी यांची सर्वांत दुःखद गाठ मात्र औषधाच्या बाटलीत पडली आहे, आणि पालकांच्या सभेत तिच्यावर अधिक वेळ घालवणे योग्य ठरेल.

डायइथिलीन ग्लायकॉल हा एक रंगहीन, दाटसर, चवीला गोड द्रव आहे. कारखान्यांत विद्रावक म्हणून आणि गोठणरोधक मिश्रणांत तो वापरतात. दिसायला तो ग्लिसरीनसारखाच असतो आणि स्वस्त असतो. पातळ औषधे बनवताना ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल लागते. त्याच्या जागी हा द्रव चुकून वा लबाडीने आला, तर वास, रंग, चव यांतील कशानेही ते कळत नाही.

१९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध द्रवरूपात आणण्यासाठी एका कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले आणि त्याला रासबेरीचा स्वाद दिला. रूप, वास आणि चव यांची तपासणी झाली. ते विषारी आहे का, याची झाली नाही, कारण तेव्हाच्या कायद्यात तशी सक्तीच नव्हती. शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत लहान मुले पुष्कळ होती. कंपनीवर ठेवता आलेला आरोपही विलक्षण होता. बाटलीवर ‘एलिक्झिर’ असे छापले होते. त्या शब्दाचा अर्थ मद्यार्कयुक्त औषध, आणि आत मद्यार्क नव्हता. म्हणजे खटला चालला तो चुकीच्या नावाबद्दल. १९३८ मध्ये तेथे औषधांचा नवा कायदा झाला आणि बाजारात येण्याआधी औषध सुरक्षित असल्याचे दाखवणे बंधनकारक ठरले.

हा धडा जगाने एकदाच गिरवला असता तर बरे झाले असते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने त्या प्रकरणातील खरेदीपासून तपासणीपर्यंतची ढिलाई उघड केली. १९९८ मध्ये दिल्लीजवळच्या गुडगाव भागातील मुले खोकल्याच्या औषधाने दगावली. २०२२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गांबिया देशात सुमारे ७० मुले मृत्युमुखी पडली. तेथे पोहोचलेली औषधे भारतात बनलेली होती आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याबद्दल इशारा दिला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, विसांहून अधिक बालके गेली. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपूरला हलवले होते. त्या औषधाच्या तपासलेल्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. सर्दी-खोकल्यासाठी आणलेली बाटली, आणि चमच्याने मोजून देणारी आई. त्या आईने काहीच चुकीचे केलेले नव्हते.

शरीरात या द्रवाचे काय होते? मूळ द्रव्य स्वतः फारसे घातक नाही. ते यकृतात पोहोचते आणि तेथील विकर त्याचे टप्प्याटप्प्याने डायग्लायकॉलिक आम्लात रूपांतर करतात. मद्यार्काचे विघटन करणारे विकरच हे काम आरंभतात. यकृत आपल्या परीने सफाईच करत असते. हे आम्ल रक्तातून मूत्रपिंडात येते आणि गाळले जाऊन समीपस्थ नलिकेत उतरते. तेथील पेशींच्या झालरीवर सायट्रेट आणि सक्सिनेट या उपयुक्त द्रव्यांना परत घेणारे एक वाहक प्रथिन असते. डायग्लायकॉलिक आम्लाची ठेवण या द्रव्यांशी इतकी मिळतीजुळती असते, की वाहक ते ओळखीचे समजून आत घेतो. बाहेर काढण्याची वाट मात्र अरुंद असते, त्यामुळे ते आत साठत जाते. तंतुकणिकेत ऊर्जा निर्माण करणारे एक महत्त्वाचे विकर सक्सिनेटवर काम करते, आणि हे आम्ल नेमके तेच काम रोखते. ऊर्जा संपते, पेशी फुगते, भिंतीपासून सुटते आणि तिच्या अवशेषांनी नलिका तुंबते. दोन-तीन दिवसांत मुलाची लघवी कमी होते, मग थांबते. खोकला तोवर बरा झालेला असतो.

शाळेच्या सभेत एवढे रसायन सांगण्याचे कारण इतकेच, की लघवी कमी होणे हेच येथे घरात दिसू शकणारे पहिले स्पष्ट चिन्ह आहे. आजारी मुलाला किती ताप आहे हे प्रत्येक घरात पाहिले जाते, पण शेवटची लघवी केव्हा झाली हे क्वचितच विचारले जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. लहान मुलांचा बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. मागच्या आजारपणातील उरलेली बाटली पुढच्या भावंडाला देण्याची आपल्याकडील काटकसर येथे उपयोगाची नाही.

ओळखीच्या दाराने आत शिरणारी विषे आणखीही आहेत. गंभीर जंतुसंसर्गात दिले जाणारे जेंटामायसिन हे मोलाचे औषध आहे. गळून आलेली लहान प्रथिने गोळा करणाऱ्या मेगॅलिन या ग्राहीला ते चिकटते आणि त्याच्याबरोबर पेशीत ओढले जाते. म्हणूनच डॉक्टर ते मोजून-मापून आणि रक्त तपासत देतात. मानसिक आजारात उपयोगी पडणारे लिथियम सोडियमच्या वाहिनीतून संग्राहक नलिकेच्या पेशीत जाते. दीर्घकाळ घेतल्यास काही रुग्णांच्या पेशींना व्हॅसोप्रेसिनचा निरोप ऐकूच येईनासा होतो. संप्रेरक असते, ग्राही असतो, पण पाण्याच्या वाहिन्या घटलेल्या असतात, आणि रुग्ण दिवसरात्र पाणी पीत व लघवीला जात राहतो. घोणस चावल्यावर होणारी इजा वेगळ्या जातीची आहे. तिच्या विषाने रक्त गोठण्याची व्यवस्थाच विस्कटते आणि मूत्रपिंडाच्या सूक्ष्म वाहिन्या त्या गोंधळात सापडतात. ग्रामीण भारतात अचानक होणाऱ्या मूत्रपिंडविकाराचे हे एक मोठे कारण आहे.

जपानमधील उदाहरण येथे टाळता येणार नाही, कारण तेथे विष आणि संप्रेरक एकाच पेशीत समोरासमोर आले. तोयामा प्रांतातील जिंझू नदीत वरच्या अंगाच्या कामिओका खाणीतून कॅडमियम वाहून येत असे. त्या पाण्यावर भात पिके आणि तो भात लोक वर्षानुवर्षे खात. गावांतील प्रौढ स्त्रिया, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या, हाडांच्या असह्य वेदनांनी अंथरुणाला खिळू लागल्या. ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, हेच त्या रोगाचे नाव पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्य केला. दुखत होती हाडे, पण इजा होती मूत्रपिंडात. कॅडमियम समीपस्थ नलिकेच्या पेशीत साठले होते. ड जीवनसत्त्वाला त्याचे क्रियाशील, संप्रेरकासमान रूप देण्याचे शेवटचे काम याच पेशी करतात, आणि फॉस्फेट परत घेण्याचे कामही त्यांचेच. दोन्ही बिघडल्यावर हाडे मऊ होऊन मोडू लागली. गाळणीची कल्पना किती अपुरी आहे, हे याहून स्पष्ट कशाने दिसावे? मूत्रपिंड स्वतः संप्रेरके बनवते. रक्तपेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिनही प्रामुख्याने तेथूनच येते. म्हणूनच मूत्रपिंडाच्या जुन्या रुग्णाचा चेहरा पांढुरका दिसतो.

वेदनाशामक गोळ्यांचा विषय प्रत्येक घरातला आहे. शरीरातील प्रोस्टाग्लँडिन ही तयार होतात तेथेच काम करणारी, स्थानिक संप्रेरकासारखी द्रव्ये आहेत. सांध्यात ती सूज आणि वेदना वाढवतात. मूत्रपिंडात मात्र शरीरातील पाणी घटलेले असताना आत येणारी रक्तवाहिनी उघडी ठेवतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे दोन्हीकडची प्रोस्टाग्लँडिन अडवतात. निरोगी, पाणी प्यालेल्या माणसाला एखाद्या गोळीने बहुधा काही होत नाही. जुलाब झालेल्या, उलट्या करणाऱ्या किंवा उन्हात दिवसभर राबलेल्या माणसाला तीच गोळी महागात पडू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असलेल्या आजी-आजोबांनी तर ती स्वतःच्या मनाने घेऊच नये.

डायक्लोफेनॅकचा सर्वांत भयंकर परिणाम माणसावर नव्हे, गिधाडांवर झाला. हे औषध दिलेल्या जनावराच्या मृतदेहावर गिधाडे बसत आणि काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. त्यांच्या आतील अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर साचलेले आढळत. २००४ मध्ये हे कारण सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातील संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. एकेकाळी गावाबाहेरच्या झाडांवर थव्याने बसणारा पक्षी आजच्या विद्यार्थ्यांनी चित्रातच पाहिला आहे.

शाळेपुरती एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या मुली प्रत्येक शाळेत असतात. भरलेली बाटली तशीच घरी परत जाते आणि आईला वाटते, मुलगी विसरली. व्हॅसोप्रेसिन त्या पाच-सहा तासांत आपले काम चोख करत राहते, पण सतत दाट राहणारी लघवी मूतखड्याला आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाला अनुकूल असते. स्वच्छ, कडी लागणारे आणि पाणी असलेले स्वच्छतागृह हा बांधकाम विभागाचा विषय मानला जातो. तो आरोग्याचाही विषय आहे, आणि महोत्सवी निधीचा विनियोग ठरवताना संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांनी तो विसरू नये.

इजा झालेल्या पेशीचे पुढे काय होते, हे सांगितल्यावाचून विषय पुरा होत नाही. जन्मानंतर माणसाला नवे नेफ्रॉन मिळत नाहीत. जितके घेऊन तो येतो तितक्यांवरच आयुष्य काढावे लागते. परंतु नलिकेतील पेशी मेल्या आणि त्यांच्या खालचे पातळ अस्तर शाबूत राहिले, तर वाचलेल्या पेशी सपाट होऊन पसरतात, विभागतात आणि उघडी पडलेली भिंत पुन्हा झाकतात. त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तेवढा काळ रुग्णाला जगवता यावे यासाठी डायलिसिस असते. नेदरलँड्समध्ये जर्मन ताब्याच्या दिवसांत विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरांनी सॉसेजच्या आवरणासाठी वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर गुंडाळून असे पहिले यंत्र बनवले. सुरुवातीचे रुग्ण एकामागून एक दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री शुद्धीवर आली आणि बरी झाली.

अशा रुग्णात सुधारणेची चाहूल अनेकदा उलट्या दिशेने लागते. दिवसेंदिवस कोरडी राहिलेली लघवीची पिशवी एकाएकी भरू लागते. कधी दिवसाला तीन-चार लिटर, आणि तीही पाण्यासारखी फिकट. नातेवाइकांना आनंद होतो, डॉक्टर मात्र सावधच असतात, कारण नव्या पेशींना अजून पाणी आणि क्षार धरून ठेवता येत नाहीत. व्हॅसोप्रेसिन येऊन कडी वाजवत असते, पण आत वाहिन्या पुरेशा तयार झालेल्या नसतात. त्या दिवसांत गेलेले पाणी, सोडियम आणि पोटॅशियम मोजून भरून द्यावे लागते. मग हळूहळू लघवीचे प्रमाण उतरते आणि तिला पुन्हा पिवळा रंग येऊ लागतो.